सार्वजनिक आरोग्य परिषदेत नेमकं काय ऐकावं?

वाशीला सिडको प्रदर्शन केंद्रात दोन दिवसांची परिषद, एकाच वेळी तीन-चार हॉलमध्ये सत्रं, आणि तुम्ही एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला. कुठे बसू, असं विचारलंय. मी ठाण्यात आरोग्य केंद्रांसोबत काम करतो, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी आहे: मोठ्या हॉलपेक्षा छोट्या हॉलला जा, आणि वेळ काढून आधी पोस्टर, म्हणजे संशोधनाचे मांडलेले तक्ते, बघा.

उद्घाटन चुकलं तरी काही बिघडत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची वाट बघणं. तेवढ्या वेळात ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने निवांत या, केंद्र वाशी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे.

पोस्टरशेजारी बहुधा एखादा पीजीचा विद्यार्थी नाहीतर आरोग्य केंद्रातला डॉक्टर ताटकळत असतो. कुणी फिरकत नाही, म्हणून विचारलंत की भरभरून बोलतो. डेंग्यूचं पोस्टर असेल तर त्यावर हाउस इंडेक्स हमखास दिसेल, म्हणजे तपासलेल्या दर शंभर घरांमागे किती घरांत डासांच्या अळ्या सापडल्या. आकडा वाचून पुढे सरकू नका. ‘बंद घरं किती होती?’ हे विचारा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये कर्मचाऱ्यांना गेटवरच थांबवतात, दिवसा फ्लॅटना कुलूप असतं. ती घरं तपासलीच जात नाहीत, त्यामुळे हिशेबातही येत नाहीत. मग विचारा, अळ्या कशात सापडल्या? पिंपात, कुंडीखालच्या बशीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये? एडिस डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, भांडं घासावं लागतं. कर्मचारी घरोघर हे सांगतात का, तेही त्यालाच विचारा.

क्षयरोगाचं सत्र सोडू नका. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी बीपाल-एम ही सहा महिन्यांची, फक्त गोळ्यांची उपचारपद्धती केंद्र सरकारने 2024 मध्ये मंजूर केली. आधी काही रुग्णांना वीस महिने औषधं घ्यावी लागायची. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून टीबीच्या रुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना 500 रुपये 1000 झाले. इतकं वक्ते सांगतीलच. खरा मुद्दा प्रश्नोत्तरांत निघतो: तुर्भ्यातला रुग्ण मधेच गावी निघून गेला तर त्याच्या गोळ्यांकडे कोण बघतं? याच उपचारातल्या लिनेझोलिड या औषधाने पायांना मुंग्या यायला लागल्या तर तो कुणाला सांगतो?

आशा सेविकांवरच्या सत्राची माझी कसोटी सोपी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली जाईल, असं बघितलं. त्याचा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि 2011 मध्ये ते काम देशभरातल्या आशांकडे आलं. एवढा इतिहास असताना व्यासपीठावर एकही आशा नसेल, तर मी चहाला जातो.

एआय आणि डिजिटल आरोग्याची पॅनेलं गर्दी खेचतात, मी टाळतो. साथीच्या तपासाची कार्यशाळा असेल तर मात्र वेगळी फी भरूनही करा. रुग्णांची यादी हातात देऊन साथीचा आलेख काढायला लावतात, तो वर्गात शिकण्यापेक्षा तिथे पक्का डोक्यात बसतो. जागा मोजक्या असतात, नोंदणी आधीच करा. आणि पोस्टर पहिल्याच दिवशी बघून घ्या, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती उतरवायला सुरुवात होते.