मीटर बंद, मग रनिंग किती धरायचं?

प्रश्न : माझ्या १०० सीसी मोटरसायकलचं मीटर ३८,४१२ वर थांबलंय, काटाही हलत नाही. तशीच चौदा महिने चालवतोय. आता मीटर बदलायचं आहे. मधलं रनिंग कसं काढू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : पेट्रोलवरून काढा. पंपावर यूपीआयने पैसे देत असाल तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तारखेसकट सगळं आहे. प्रत्येक रकमेला त्या दिवसाच्या दराने भागा आणि लिटरची बेरीज करा. समजा ती २३६ लिटर आली. आता गाडीचं आजचं खरं ॲव्हरेज हवं. गाडी मेन स्टँडवर घेऊन टाकी गळ्यापर्यंत भरा. नोझल आपोआप बंद झालं म्हणजे टाकी भरली असं मोटरसायकलच्या बाबतीत धरू नका, तोंडाच्या आतल्या पत्र्याची कड हीच खूण ठेवा. मग आठवडाभर रोजचाच रस्ता चालवा. घर ते काम १७ किलोमीटर असेल तर सहा दिवसांचे २०४ झाले. त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरल्यावर ४.०८ लिटर बसलं, तर ॲव्हरेज ५० चं. एकदा हायवेला जाऊन काढलेलं ॲव्हरेज इथे कामाचं नाही, ते नेहमी जास्तच येतं.

२३६ गुणिले ५०, म्हणजे ११,८०० किलोमीटर. आता उलट्या बाजूने पडताळा : रोजचे ३४, महिन्याचे २४ दिवस, चौदा महिने, म्हणजे ११,४२४. वरचे पावणेचारशे गावी जाण्यायेण्यात गेले असतील, हिशोब जुळतो. पेट्रोलवरचा आकडा रोजच्या फेऱ्यांपेक्षा कमी आला, तर कधीतरी रोख पैसे देऊन भरलेलं पेट्रोल धरायचं राहिलंय. एकूण रनिंग ५०,२०० लिहा, पण मनात ४९,५०० ते ५१,००० असं धरा. याहून बारीक आकडा कोणी सांगत असेल तर तो ठोकून देतोय.

१७ किलोमीटर हा आकडा मोबाइलवरून घेतला असेल तर मोबाइलही तपासून घ्या. स्क्रीन बंद झाली की काही फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतात. मग दोन नोंदींच्या मधलं वळण कापून सरळ रेघ धरली जाते आणि अंतर कमी भरतं, घाटात तर हमखास. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड (राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या) एका दगडापासून सुरुवात करून पुढचे सलग दहा मोजा, म्हणजे दहा किलोमीटर होतात. तेवढ्यात मोबाइलने ९.८ दाखवले, तर त्याच्या प्रत्येक आकड्याला १.०२ ने गुणा. बायपास झालेल्या ठिकाणचे दगड मात्र धरू नका, तिथे आकडे जुन्या रस्त्याचे असू शकतात.

ऑइल बदलण्यासाठी महिन्याला ८४० किलोमीटर धरा (११,८०० भागिले चौदा). पुस्तिकेत ३,००० ला बदला असं असेल तर ते साडेतीन महिन्यांनी आलं.

आणि मीटर विकत घ्यायच्या आधी एक बघा. काटा आणि आकडे दोन्ही एकदम मेले असतील तर मीटर बहुधा धड असतं, केबल नाहीतर चाकातली पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) गेलेली असते. काटा हलतो पण आकडे थांबलेत, तेव्हा मीटरच्या आतला प्लॅस्टिकचा गिअर तुटलेला असतो. तुमच्या बाबतीत पुढचं चाक उचलून मीटरखालची केबल सोडवा आणि चाक हाताने फिरवा. केबलच्या तोंडातली चौकोनी तार फिरली तर दोष मीटरमध्ये. नाही फिरली तर खालचं टोकही काढा आणि तार चिमटीत धरून पिळा. दुसरं टोक फिरलं तर केबल ठीक, पिनियन घासलीय. पंक्चर काढल्यानंतर लगेच मीटर बंद पडलं असेल तर बहुतेक वेळा चाक बसवताना पिनियनचे कान हबच्या खाचेत बसलेले नसतात, जोर देऊन नट आवळला की ते वाकतात.

नव्या केबलच्या तारेला ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला, तेही बोटाने पुसल्यासारखं. वरपर्यंत थापलं तर ते चढत मीटरमध्ये जातं आणि काटा चिकटतो. केबलला तीव्र वाक देऊ नका, तार तिथेच तुटते.

मीटर नवीनच लागलं तर जुन्याचा फोटो काढून ठेवा आणि सर्व्हिस पुस्तिकेत तारखेसह लिहा : ३८,४१२ + अंदाजे ११,८०० = नव्याचं शून्य. गाडी विकताना हेच पान दाखवायचं.

प्रश्न : २०१६ ची जुनी कार बघतोय. मीटर ४२,००० दाखवतं, पण ‘मध्यंतरी मीटर बदललं’ असं एजंट म्हणतो. खरं रनिंग कसं कळेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. गाडीच्या नंबरावर जुनी जॉब कार्डं (प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद) निघतात आणि प्रत्येकावर किलोमीटर असतात. मालक टाळाटाळ करायला लागला तर तेही उत्तरच आहे. मग बॉनेट उघडा, दाराची कड बघा. मीटर मागे फिरवणारे ‘पुढील ऑइल ९५,०००’ चा स्टिकर काढायला विसरतात. पॉलिसी मध्ये खंडित झाली असेल तर विमा इन्स्पेक्शनच्या फोटोत मीटर दिसतं. फास्टॅगचं स्टेटमेंट मालक काढू शकतो, त्यातून गाडी टूरवर पळायची का ते समजतं.

कारच्या संगणकाला स्कॅनर लावला तर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ (कोड म्हणजे त्यात साठलेल्या बिघाडाच्या नोंदी) असा एक आकडा वाचता येतो. तो ४२,००० च्या वर गेला तर मीटर खोटं आहे. कमी निघाला म्हणून खूश होऊ नका, कोड पुसले की तो शून्यावर येतो आणि तसाही ६५,५३५ च्या पुढे जात नाही. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा : ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. २०१६ च्या गाडीला असे टायर असतील तर पहिले चार कुठल्या रनिंगला काढले, हे विचारा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय, तर ४२,००० विसरा. मात्र सीट कव्हर आणि पेडल रबर बाजारात स्वस्त मिळतात, तेव्हा नवं दिसलं म्हणून भुलू नका.

प्रश्न : पुढे २.७५-१८ ऐवजी ३.००-१८ टायर टाकला, ॲव्हरेज कमी झालं. टायरमुळे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही अंशी, आणि तेही बहुतेक कागदावर. नव्या टायरचा घेर साधारण दोन टक्के जास्त, त्यामुळे पुढच्या चाकावरून चालणारं मीटर तेवढंच कमी मोजतं. ५० चे ४९ दिसतील. खात्रीसाठी टायरवर खडूने खूण करा, गाडीवर बसून पाच फेरे पुढे न्या आणि टेपने मोजा. जुना टायर नऊ मीटरच्या थोडं वर भरतो, नवा त्याहून वीसेक सेंटीमीटर जास्त. ॲव्हरेज ४५ वर आलं असेल तर टायरला दोष देऊ नका. हवा आणि चिकटलेला ब्रेक बघा.