'तुम्ही' म्हणजे किती जण?

प्रिय लेकी,

सप्रेम जय ख्रिस्त.

तरुण संघासाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. 'तुमचं शरीर मंदिर आहे, म्हणून गुटखा सोडा.' वाईट नाही. पण त्या पोरांनी हे दहादा ऐकलंय, त्यातलं तीनदा माझ्याच तोंडून.

तू आधी बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, सहावा अध्याय उघड. मापांना कंटाळून आपण तो उलटतो, मीही कित्येक वर्षं उलटला. शलमोनाचं मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद. म्हणजे साधारण ९० फूट बाय ३० फूट, आपल्याकडच्या मंगल कार्यालयाहून लहानच. कारण लोकांनी आत जमायचंच नव्हतं, ते अंगणात. अगदी आत परमपवित्रस्थान: २० हात लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच. त्यात कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, वर करूबांचे, म्हणजे स्वर्गीय दूतांचे, पंख, आणि मूर्ती नाही. आपल्या मुलखात वाढलेल्यांनी इथं जरा थांबावं. गाभारा आहे, पण दर्शन घ्यायला आत काही नाही. पुढे ते पडल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तर कोशही नव्हता, इ.स.पू. ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपी त्या खोलीत शिरला, तेव्हा त्याला देवाची मूर्ती कुठेच दिसली नाही. शलमोनानं तर समर्पणाच्या प्रार्थनेतच कबूल केलं होतं, की आकाशात जो मावत नाही तो या घरात काय मावणार!

आता हेरोद राजाच्या काळातलं मंदिर. त्याच्या अंगणात एक कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत ताकीद: परक्यानं, म्हणजे यहुदी नसलेल्यानं, याच्या आत पाऊल टाकलं तर स्वतःच्या मरणाला तोच कारण. असा एक शिलालेख १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसच्या त्रफिमाला येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलानं या कठड्यापलीकडे नेलं, या नुसत्या संशयावरून जमावानं पौलाला मारायला धरलं होतं.

आणि हाच पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो, तुम्ही देवाचं मंदिर आहात. त्यातले बहुतेक यहुदी नव्हते, कठड्याबाहेरच थांबायचे लोक! ग्रीकमध्ये मंदिराच्या सगळ्या आवाराला एक शब्द आहे, आतल्या पवित्रस्थानाला दुसरा. पौलानं दुसरा घेतला. आपल्या मराठीत दोन्हीला 'मंदिर', म्हणून ते कानाला लागत नाही. 'गाभारा' म्हणून वाचून बघ.

दुसरी अडचण 'तुम्ही'ची. मराठीत एकट्यालाही आपण अहो-जाहो करतो. त्यामुळे वाटतं, पौल आदरानं माझ्याशीच बोलतोय. ग्रीकमध्ये ते सरळ अनेकवचन आहे. त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात गुटख्याचा नव्हे, उपदेशकांवरून पडलेल्या तटांच्या भांडणाचा विषय चाललाय: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. तुम्ही सगळे मिळून एक गाभारा, आणि तो मोडणाऱ्याला देव मोडील, असं तो बजावतो. सहाव्या अध्यायात शरीराचंही आहे, तिथं व्यभिचाराची गोष्ट आहे. तेव्हा तुझा गुटखा अगदीच टाकू नकोस, शेवटाला ठेव.

मी एका मंडळीत होते. नवी फरशी ग्रॅनाइटची की शहाबादी, यावरून दोन तट पडले. वर्षभर दोन घरं प्रभुभोजनाला एका ओळीत गुडघे टेकत नव्हती. त्यातलं एक आमचं. फरशी मात्र सुरेख बसली.

इमारतीवरून थेट माणसांवर उडी मारू नकोस. मधला सांधा येशू आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन. ऐकणारे म्हणतात, याला ४६ वर्षं लागली! तो बोलत होता आपल्या शरीराविषयी, आणि ते शिष्यांना कळलं त्याच्या पुनरुत्थानानंतर. ते दगडी मंदिर इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्यानं जाळलं. तोवर ख्रिस्ती मंडळी घराघरांत जमू लागली होती.

शनिवारी ये, तेव्हा बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला, २१वा अध्याय वाचून ये. त्यातल्या नव्या यरुशलेम नगरात मंदिर नाही, असं लिहिलंय. नगराची लांबी, रुंदी, उंची काय दिली आहे ते एका कागदावर उतर, शेजारी शलमोनाच्या परमपवित्रस्थानाची मापं लिही, आणि काय दिसतं ते मला सांग. चहा मी ठेवते.

तुझी,
संडे स्कूलची बाई