कणीस थांबत नाही

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, हुरड्याला दोन दिवस येऊ का नको? आले तर अभ्यास बुडतो, नाही आले तर अभ्यासात मन नसतं." मी हं हं करून फोन ठेवला. गॅसवर दूध होतं आणि मला रागही आला होता. दूध वेळेत उतरवलं. राग अजून तसाच आहे, म्हणून लिहिते.

तू हुशार आहेस, होशील स्पर्धा परीक्षा पास, असलं काही मी लिहिणार नाही. सातवीपासून तुझे पेपर तपासलेत मी. मला खटकलं ते तुझं पुढचं वाक्य. "पोस्ट निघाली की दरवर्षी येईन, सगळ्यांना घेऊन येईन." हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे गं. माझं होतं, बी.एड. झालं की. मग नोकरी कायम झाली की. मग घराचे हप्ते फिटले की.

कणीस थांबत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तुला हुरडा काय सांगायचा, तू माढ्याकडचीच. पण तुमच्या रानात आता बांधापासून बांधापर्यंत ऊस आणि तू चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेच्या खुर्चीत, म्हणून सांगते. पेरणीपासून नव्वद-शंभर दिवस गेले की दाण्यातलं दूध घट्ट व्हायला लागतं. दाणा हिरवा, टपोरा, अंगठ्याखाली दबणारा. गोडी असते ती तेव्हाच. पुढे आठ-दहा दिवसांत त्या साखरेचं पीठ होतं, दाणा पांढरा पडतो, टणक होतो. मग ती ज्वारी. भाकरीला झकास, पण हुरडा गेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर असे खास हुरड्याचे वाण काढले. दाणा गोड, कोंड्यातून पटकन सुटणारा. पण तुझी पोस्ट निघेपर्यंत हिरवा राहील असा वाण त्यांनाही जमलेला नाही.

१९९१ सालची गोष्ट. मी नोकरीच्या गावी, सहामाहीचे गठ्ठे तपासायचे राहिलेले. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला, कणसं भरलीत, ये. मी कळवलं, यंदा जमत नाही. तर त्यांनी पहाटे आगटी पेटवून हुरडा भाजला, चोळला, पाखडला आणि पितळी डब्यात भरून एसटीच्या कंडक्टरकडे दिला. फडक्यात बांधलेला, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. डबा दुपारी आला. मी म्हटलं, एवढा गठ्ठा संपवते आणि खाते. रात्री नऊला उघडला. फडक्याला गोवरीच्या धुराचा वास होता, आत मात्र गारगोट्या. चावून चावून जबडा दुखला. सगळा संपवला मी, टाकवेना.

त्या गठ्ठ्यातला एक पेपर आठवत असेल तर शपथ.

आता तू म्हणशील, बाईंना कोणी अडवलं होतं? अडवलं होतं. दोन भावांची शिक्षणं माझ्या पगारावर होती, रजा घेतली की पगार कापायचे, आणि सासरी "माहेरी कशाला, हुरडा खायला?" हे ऐकवायला माणसं होती. त्या काळी शिक्षिकेने अशा कारणाला रजा मागायची म्हणजे हसंच. मी काही हौसेने थांबले नव्हते, हे तू तरी समजून घे. पुढे भाऊ शिकले, हप्ते फिटले, आणि मी हट्टाला पेटले. पौषात दोन दिवस रजा म्हणजे रजा. एका वर्षी नेमकी शाळेची तपासणी आली. मुख्याध्यापक म्हणाले, कारण काय लिहू? म्हटलं, हुरडा लिहा. त्यांनी 'घरगुती' लिहिलं आणि वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. बोलू नका म्हटलं.

पण तोवर दादांचे दात गेले होते. ते आगटीपाशी पोत्यावर बसायचे, आरात कणीस फिरवायचे, गरमागरम हातावर चोळून फुंकर मारायची आणि मूठ माझ्यापुढे धरायची. "गोड हाय का?" ते विचारणार, मी मान हलवणार. दोघांनी मिळून खायची वर्षं मी पेपर तपासत घालवली.

पाकिटातला गोठवलेला हुरडा मिळतो हल्ली, पुण्यातही मिळेल, हे मला सांगू नकोस. आणि अभ्यास सोड असंही मी म्हणत नाही, उगाच तसा अर्थ काढू नकोस. तुझ्या लोकसेवा आयोगाचंच बघ ना. २०२४ ची राज्यसेवा पूर्व २८ एप्रिलला होती, ती सरकत सरकत १ डिसेंबरला झाली. तेव्हा तूच रडत फोन केला होतास. परीक्षा पुढे जाते पोरी, तिची तारीख पुन्हा येते. कणीस थांबत नाही. तीनशे पासष्ट दिवसांतले दोन दिवस मागतेय मी, आणि तू मला वेळापत्रक दाखवतेस!

तर शुक्रवारी रात्रीची गाडी धर, कुर्डुवाडीला उतर. भाऊ मोटरसायकल घेऊन येईल. स्वेटर आण, पहाटे रानात फार गारठा असतो. पुस्तक आणायचं तर आण, वाचणार नाहीस. बारीक शेव अजिबात आणू नकोस, आमच्याकडे हुरड्यात शेव कालवत नाहीत. वर प्यायला ताक आहे.

उसाच्या कडेला हुरड्याच्या गुळभेंडी ज्वारीच्या बारा ओळी भावाने माझ्या हट्टापायी ठेवल्यात. पाखरांना पत्ता लागलाय. तो सकाळ-संध्याकाळ पत्र्याचा डबा बडवत बसतो. शनिवारपर्यंत बडवीन म्हणतो, पुढचं नाही सांगत.

तुझी,
बाई