आधी हॉल, मग घोषणा

नाटकातही आणि विद्यार्थी संघटनेतही एकदम उडी घ्यायची म्हणतोस, तर घे. लहान कॉलेजात दोन्हीकडे तीच पंधरा-वीस डोकी असतात. म्हणूनच निवडणुकीत ज्याच्याविरुद्ध बोलशील, तोच संध्याकाळी तुझ्या प्रवेशाला लाइट देणार आहे हे ध्यानात ठेव. टीका भूमिकेवर कर, माणसावर नको.

पहिलं काम म्हणजे तारखा. निवडणूक आणि स्नेहसंमेलन एकाच पंधरवड्यात आलं की तालमीला कोणी फिरकत नाही. हॉलसाठी अर्ज दोन प्रतींत दे आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घे. तोंडी परवानगीला काही अर्थ नसतो. ऐनवेळी हॉल परीक्षेला जातो आणि ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य ऐकावं लागतं. चावी ज्या शिपाईकाकांकडे असते त्यांच्याशी ओळख ठेव. प्राचार्यांच्या सहीइतकीच ती कामाला येते, थट्टा नाही!

संघटनेची घटना मिळव आणि वाच, विशेषतः गणसंख्येचं, म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत याचं कलम. निम्मे वाद तिथेच मिटतात.

राजकीय विषयावर नाटक जरूर कर, पण प्रचाराचं भाषण पात्राच्या तोंडी घालू नकोस. प्रेक्षक दोन मिनिटांत ओळखतात आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू होतात. संघटनेचे पैसे नाटकाला वापरलेस तर पावत्या फलकावर लाव, कोणी मागायच्या आधी.