डिग्री सोडून प्रो व्हायचं म्हणतोय, जाऊ द्यावं का?

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळतो, म्हणजे तो हातात बॉल घेऊन पळायचा त्यांचा फुटबॉल. तिसरं वर्ष चालू आहे आणि आता डिग्री अर्धी सोडून एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रो लीगमध्ये, जायचं म्हणतोय. बहीण रोज रात्री फोनवर रडते, इकडे आमची आई म्हणते आधी पदवी मग काय ते खेळा. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला थांबवावं का?
— एक मावशी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: मावशी, आधी त्याला विचारा की तो कुठल्या पोझिशनला खेळतो, कारण सगळं तिथेच ठरतं. बॉल घेऊन गर्दीत घुसणारा रनिंग बॅक असेल तर त्याची घाई मला पटते, त्या पोरांचे गुडघे कॉलेजातच झिजायला लागतात. साउथ कॅरोलायना कॉलेजचा मार्कस लॅटिमोर बघा, 2011 मध्ये एक गुडघा गेला, 2012 मध्ये दुसरा, तरी 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात, चौथ्या राउंडमध्ये त्याला घेतलं पण एनएफएलची एक मॅच खेळायला मिळाली नाही बिचाऱ्याला. बॉल फेकून खेळ चालवणारा क्वार्टरबॅक असेल तर गोष्ट वेगळी, अँड्र्यू लक 2011 मध्येच पहिल्या नंबरवर जाईल असं सगळे म्हणत होते, तो स्टॅनफर्डला थांबला, डिग्री घेतली आणि 2012 मध्ये पहिल्याच नंबरवर गेला.

ड्राफ्टला नाव द्यायच्या नियमाचं म्हणाल तर शाळा संपून तीन वर्षं झाली पाहिजेत, त्यात हा बसत असेल. मॉरिस क्लॅरेट नावाचा खेळाडू त्याच नियमाविरुद्ध कोर्टात गेला होता, 2004 मध्ये अपिलात हरला.

आता महत्त्वाचं. लीगची एक कमिटी आहे, ती अशा मुलांना आधीच सांगते की पहिल्या राउंडमध्ये जाशील, दुसऱ्यात जाशील, की कॉलेजातच थांब. हे विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही म्हणजे नाही, कारण एकदा नाव पक्कं झालं की सातही राउंडमध्ये कोणी घेतलं नाही तरी कॉलेजात परत खेळता येत नाही. पहिला राउंड म्हणाले तर जाऊ द्या, मनापासून सांगतो. तिथे ड्राफ्टमधल्या पोरांचा पहिला करार चार वर्षांचा बांधलेला असतो, खरा मोठा पैसा दुसऱ्या करारात, त्यामुळे वर्षभर आधी गेलेला पोरगा तिथवर वर्षभर तरुण पोचतो. थांब म्हणाले तर मात्र बहिणीला सांगा, हट्ट धर. पूर्वी थांबणं म्हणजे कडकीच होती, आता 2021 पासून ही मुलं स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात आणि 2025 पासून कॉलेजं थेटही देऊ शकतात, मग उरलेल्या एका वर्षासाठी डिग्री कशाला टाकायची?

आईंना एमिट स्मिथ या रनिंग बॅकची गोष्ट नक्की सांगा. 1990 मध्ये तोही फ्लोरिडाचं कॉलेज सोडून गेला पण स्वतःच्या आईला डिग्री पूर्ण करायचा शब्द देऊन गेला, आणि तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकून झाल्यावर 1996 मध्ये खरंच पदवी घेतली त्याने. तसा शब्द ह्याच्याकडूनही घ्या, आणि नुसता तोंडी नको, किती क्रेडिट राहिलेत आणि कॉलेज परत घेईल का हे आत्ताच लेखी विचारून ठेवायला सांगा. कमिटी काय म्हणाली ते कळवा, पुढचं तेव्हा बोलू.