परदेशात होस्ट कुटुंबाकडे राहून तीन आठवडे झाले, अजून परकंच वाटतं. घर बदलून मागू का?

तुम्ही लिहिलंय की घरची माणसं चांगली आहेत, कुणी वावगं बोललेलं नाही, तरी जेवण झालं की तुम्ही खोलीत जाऊन दार लावून घेता. एवढ्यावरून घर बदलू नका, असं मी मनापासून सांगेन.

मीही परदेशात शिकायला गेले तेव्हा होस्ट कुटुंबाच्या घरात पाऊलसुद्धा न वाजवता वावरायचे. भूक लागली तरी स्वयंपाकघरात जायचे नाही, कुणी विचारलं तर ‘नको, ठीक आहे.’ मला ती सभ्यता वाटायची. महिनाभराने होस्ट आईने हळूच विचारलं, ‘आमचं काही चुकतंय का? तुला आमच्यात बसावंसंच वाटत नाही.’ मी संकोचाने गप्प होते आणि त्यांना तो नकार वाटत होता. ते ऐकून मला रडू आलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे रोजचं एखादं काम मागितलं. जेवणाआधी टेबल मांडायचं माझ्याकडे आलं. काम दहा मिनिटांचं, पण तेवढ्या निमित्ताने मी अर्धा तास स्वयंपाकघरात थांबायला लागले. गप्पा मारायच्या म्हणून समोरासमोर बसलं की परकी भाषा घशात अडकते. हात कामात असले की ‘हे कुठे ठेवू?’पासून बोलणं सुरू होतं आणि चुकलेलं वाक्य कुणी मनावर घेत नाही. कुठल्या कपाटात काय आहे ते हळूहळू पाठ झालं. कुणाला न विचारता पेला काढून पाणी प्यायले, तो दिवस मला अजून आठवतो. तुम्हीही काम मागा. नुसतं ‘काही मदत करू का?’ विचारलं तर ‘नको, बस’ हेच उत्तर मिळतं.

घरातले नियम मात्र अंदाजाने ओळखू नका, सरळ विचारा: सकाळी बाथरूम कुणाला कधी लागतं, कपडे कधी धुवायचे, रात्री फोनवर किती वाजेपर्यंत बोललेलं चालतं, त्यांना हाक काय मारायची. बाहेर जेवणार असाल तर आधी कळवा. बहुतेक कुरबुरी इथूनच सुरू होतात.

आणि थकव्याला घाबरू नका. दिवसभर दुसऱ्या भाषेत ऐकून संध्याकाळी डोकं बधिर होतं, तेव्हा तासभर दार लावून पडलात तरी चालेल. फक्त ‘जरा दमलेय’ एवढं सांगून जा. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली ‘कल्चर शॉक’वरच्या, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्यावरच्या लेखात त्याची लक्षणं दिली होती: सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, शून्यात लागलेली नजर, क्षुल्लक कारणावरून संताप, घरी परतण्याची विलक्षण ओढ. ती यादी वाचली तेव्हा मला फार धीर आला, कारण यातलं बरंचसं मी त्या कुटुंबाच्या माथी मारत होते. त्या लोकांची भाषा शिकणं हा ओबर्गनी सांगितलेला मुख्य उपाय, आणि ती शिकवणारी माणसं तुमच्या दाराबाहेरच बसलेली आहेत.

घरी फोन जरूर करा, पण मी रोज रात्री जेवणानंतरचीच वेळ त्यासाठी धरली होती. नेमके तेव्हाच सगळे एकत्र बसायचे. ती वेळ बदलल्यावर खूप फरक पडला.

एक गोष्ट यात बसत नाही. पोटभर जेवायला मिळत नसेल, खोलीत कुणी न विचारता येत असेल, कुणाच्या स्पर्शाची किंवा बोलण्याची भीती वाटत असेल, तर जुळवून घेण्याचा प्रश्नच नाही. ज्यांनी तुमची या घरात सोय केली त्या कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी सांगा, तारखा लिहून ठेवा आणि घर बदलून मागा. त्यांनी टाळाटाळ केली तर त्यांच्या वरच्या माणसाला गाठा आणि मायदेशी तुमच्या घरच्यांनाही लगेच कळवा.