केमो चालू आहे आणि रात्री ताप आलाय, सकाळपर्यंत थांबू का?

गेल्या महिन्यात केमोच्या साइड इफेक्टबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप मेसेज आले आणि निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, तापाचं काय करायचं. केस गळणं, उलट्या, तोंड येणं यावर नंतर कधीतरी बोलू, यावेळी सगळी जागा तापालाच देतेय कारण यात उशीर झाला तर माणूस हातचा जातो आणि वेळेत आलं तर बहुतेक जण चालत घरी जातात.

मॅडम, आम्ही सिडकोत राहतो. आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे. दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री साडेअकराला थंडी वाजून १०१.२ ताप आला. आम्ही डोलो दिली, ताप उतरला, ती शांत झोपली. सकाळी नेलं तर बीपी एकदम लो, आयसीयूत ठेवलं, आठ दिवस ॲडमिट होती. आता बरी आहे पण डॉक्टर आम्हाला खूप बोलले. साधा व्हायरल असू शकत नाही का? एका तापाला एवढं काय?

आई बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. आणि आधी हे सांगते की स्वतःला दोष देत बसू नका, घरोघरी तापाला आपण हेच करतो, गोळी देतो आणि सकाळची वाट बघतो. फक्त केमो चालू असलेल्या माणसाला हा नियम लागू नाही, आणि हे तुम्हाला पहिल्या केमोच्या दिवशीच नीट समजावून सांगायला हवं होतं.

होतं काय की केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतं, त्यात कॅन्सरच्या पेशी येतात तशा हाडांच्या मगजात रक्त बनवणाऱ्या पेशीही येतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या पेशी, त्या रक्तात जेमतेम काही तास टिकतात, म्हणजे रोज नवीन माल आला नाही की आठवड्याभरात कोठार रिकामं. म्हणून केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सगळ्यात खाली असतात, तुमच्या आईचा नववा दिवस बरोबर त्यातच आला. त्याच दिवसांत तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तरही सोलवटलेलं असतं, तिथून आपल्याच पोटातले जंतू रक्तात शिरतात. नातेवाईक मला नेहमी विचारतात की इन्फेक्शन कुठून आलं, कोणी आणलं, सून बाहेर जाते म्हणून का, नातू शाळेत जातो म्हणून का. अहो, बऱ्याच वेळा कोणीही आणलेलं नसतं, ते आतलंच असतं.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जखमेत पू होतो, जागा लाल होते, सुजते, खोकल्यात कफ येतो, हे सगळं बऱ्याच अंशी या न्यूट्रोफिलचंच काम. त्याच नाहीत तर न्यूमोनिया असून छातीच्या फोटोत सुरुवातीला काही दिसत नाही, पोर्टच्या, म्हणजे केमो द्यायला छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीच्या, जागी इन्फेक्शन असून कातडी साधी दिसते. उरतो तो फक्त ताप. घराची राखण करायला एकच कुत्रं उरलंय आणि ते भुंकायला लागलं की आपण डोलो देऊन त्याचं तोंड बांधतो, तसं होतं हे. ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही, ते रात्रभर रक्तात वाढत राहिले, म्हणून सकाळी बीपी लो सापडलं. व्हायरल असू शकतो का, तर हो, असू शकतो, पण ते आपण ॲडमिट करून अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन गेल्यावर शोधायचं, घरी बसून नाही.

१९६६ साली अमेरिकेत बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये दाखवून दिलं की पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितकं इन्फेक्शन जास्त. तरी त्या काळी आधी जंतू सापडू दे मग औषध देऊ अशीच पद्धत होती आणि रिपोर्ट येईपर्यंत पेशंट दगावायचे. १९७१ मध्ये शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप दिसताक्षणी दोन अँटिबायोटिक चालू केली, कल्चरची म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची वाट न बघता, आणि तेव्हापासून सगळी पद्धतच बदलली. आज नियम असा आहे की दारात आल्यापासून एका तासात पहिला डोस शिरेतून जायला हवा. त्याआधी पटकन दोन जागांहून कल्चरसाठी रक्त घेतात, पोर्ट किंवा पिक लाईन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर एक त्यातून आणि एक हातातून. मग पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम यातलं एखादं, कोणतं ते पेशंटची तब्येत आणि त्या हॉस्पिटलमध्ये कोणते जंतू सापडतात यावर ठरतं.

आकडे पाठ करा. एकदाच १०१ दिसला तरी निघायचं, १००.४ तासभर टिकला तरी निघायचं. खरं तर १००.४ दिसल्यावर तो तास सोफ्यावर बसून घालवू नका, फोन लावा, कपडे घाला, रिक्षा बघा, त्यातच तास जातो.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्ताच्या सीबीसी तपासणीत टोटल डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३०% आलंय. ताप नाही. ३०% म्हणजे फार कमी नाही ना? (नाशिक रोड)

टक्क्यावर जाऊ नका, हिशोब करा. १२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०, हा त्यांचा खरा आकडा, याला एएनसी म्हणतात. ५०० च्या खाली म्हणजे धोक्याचा पट्टा आणि १०० च्या खाली तर फारच. वडील ३६० वर आहेत, ताप नाही त्यामुळे घाबरून लगेच ॲडमिट व्हायची गरज सहसा नसते, पण आजच ऑन्कॉलॉजिस्टला रिपोर्ट पाठवा आणि दिवसातून दोनतीनदा ताप मोजा.

वय ६८ म्हणून अजून एक सांगते. वयस्कर माणसात, आणि केमोबरोबर डेक्सासारखं स्टिरॉइड चालू असेल तर, इन्फेक्शन होऊनही ताप येतच नाही असं होतं. ते गळून पडले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, श्वास भरभर चालला, लघवी कमी झाली, अंग गार पडलं, पोटात खूप दुखून जुलाब लागले, यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी निघा.

आमची निफाडला द्राक्षबाग आहे. मिसेसची केमो चालू आहे आणि घरात द्राक्षांचे क्रेट असून तिला एक घड खाऊ देत नाहीत. सासूबाई म्हणतात कच्चं काहीच नको, फक्त मऊ भात. ती भाताला कंटाळलीय.

मला तुमच्या मिसेसची बाजू घ्यावीशी वाटते. कच्ची फळं-भाज्या पूर्ण बंद करून इन्फेक्शन कमी होतं का हे तपासायला अभ्यास झालेत आणि फायदा दिसलेला नाही, उलट माणूस जेवतच नाही, वजन उतरतं आणि ते जास्त वाईट. महत्त्वाचं आहे ते स्वच्छ. घड वाहत्या पाण्याखाली धरून एकेक मणी देठापासून वेगळा करून चोळून धुवा, बागेत फवारणी असते हे तुम्हाला मी काय सांगणार, फुटलेला किंवा मऊ पडलेला मणी काढून टाका. गाडीवरची कापलेली फळं, बाहेरची चटणी, उसाचा रस, कच्चं दूध हे नको. मिसळ खायचीच तर घरी करा, उकळती तर्री चालेल, वरून घालायचा कांदा स्वतः धुऊन कापलेला हवा. काउंट अगदी तळाला असतात त्या पाचसहा दिवसांत काही डॉक्टर साल न काढता येणारी फळं बंद ठेवायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर ते ऐका, ते दिवस गेले की द्या. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना द्राक्षं धुवायचं काम द्या.

बागेत मात्र तिला जाऊ देऊ नका या दिवसांत. शेणखत, कुजका पाला, माती यात बुरशीचे कण असतात, ते श्वासातून फुफ्फुसात जातात आणि बुरशीचा न्यूमोनिया बरा करायला फार त्रास होतो. अँटिबायोटिक देऊनही चारपाच दिवस ताप हटत नाही तेव्हा आम्ही छातीचा सीटी करतो आणि बुरशीचं औषध चालू करायचा विचार करतो, ते याचमुळे.

आईला रामकुंडावर स्नान करायचंय, केमोच्या मध्ये एकदा नेऊ का? (पंचवटी)

आत्ता नको. हाताला पिक लाईन किंवा छातीला पोर्ट असताना नदीत डुबकी तर अजिबातच नको. तांब्यात गोदेचं पाणी आणून देव्हाऱ्यात ठेवा, आईला गर्दी नसताना गाडीतून लांबून दर्शन घडवा. ट्रीटमेंट संपून काउंट नॉर्मल आले की डॉक्टरांना विचारून मग न्या.

आम्ही पेठ तालुक्यातल्या पाड्यावर राहतो. भावाला लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर आहे, केमो नाशिकला. मागच्या वेळी ताप आला तेव्हा इथल्या डॉक्टरने कमरेत इंजेक्शन दिलं आणि ती जागा काळीनिळी होऊन सुजली. रात्री गाडी मिळत नाही. आम्ही काय करायचं?

तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. शहरातल्या माणसाला लगेच निघा म्हणणं सोपं आहे, तुमच्या वाटेत घाट आहे आणि रात्र आहे.

कमरेतलं इंजेक्शन पुन्हा घेऊ नका. केमोत प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी होतात, मग स्नायूत रक्त साकळतं, तेच झालं असावं. गुदद्वारातून ताप मोजणं, तिथून गोळी किंवा एनिमा देणं हेही बंद, तिथली नाजूक त्वचा फाटली की जंतूंना रस्ताच मिळतो. काय करता येईल ते सांगते. प्रत्येक केमोच्या दिवशी ऑन्कॉलॉजिस्टकडून एका कागदावर लिहून घ्या की ताप आला तर कोणतं औषध, किती डोस, शिरेतून कसं द्यायचं आणि फोन कोणाला करायचा. तो कागद आधीच गावच्या डॉक्टरांना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवा, ताप आल्यावर पहिल्यांदा दाखवू नका. पोहोचायला खूप वेळ लागणार असेल तर फोनवर ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून पहिला डोस तिथेच शिरेतून देऊन, सलाईन लावून मग १०८ ने नाशिकला आणणं हे जास्त शहाणपणाचं. शक्य असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसात भावाला नाशिकात कोणा नातेवाईकाकडे ठेवा, मला माहितीये की हे बोलायला सोपं आहे, पण एका सायकलमागे एकच आठवडा लागतो. केमो महात्मा फुले योजनेतून असेल तर तापासाठी ॲडमिशन कसं होतं हे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला म्हणजे आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा, रात्री दोनला ते विचारायची वेळ येऊ नये.

शेजारच्या काकांना ताप आला तर गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि आम्हाला मात्र पाच दिवस ॲडमिट. बिल वाढवायला का? (सातपूर)

राग समजतो. पण सगळ्यांचा धोका सारखा नसतो. वय, बीपी, दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार, डिहायड्रेशन, आधीचं बुरशीचं इन्फेक्शन अशा गोष्टींना मार्क देऊन २६ पैकी स्कोअर काढतात, २१ किंवा जास्त आला तर धोका कमी. अशा पेशंटला तपासून, थोडा वेळ ठेवून, घर जवळ असेल आणि सोबत माणूस असेल तर अमॉक्सिक्लॅव आणि सिप्रोसारख्या गोळ्यांवर पाठवता येतं. तुमचा स्कोअर किती होता हे डॉक्टरांना सरळ विचारा, तुमचा हक्क आहे तो. मात्र यावरून घरात उरलेल्या ॲझिथ्रोसारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतः चालू करू नका, कल्चर बिघडतं, आणि आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू आधीच खूप आहेत.

पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतल्यावर कंबर आणि मांड्या इतक्या दुखतात की रडू येतं. नाही घेतलं तर चालेल का? (सिन्नर)

दुखतं, खोटं नाही ते, मगज जोरात कामाला लागतो तेव्हा हाडं ठणकतात. दोनतीन दिवसांत कमी होतं. गोळी घ्या, पण गोळीच्या आधी ताप मोजून वहीत लिहा, नाहीतर तीच डोलो ताप झाकून टाकेल. ज्या केमोत तापाचा धोका २० टक्क्यांहून जास्त असतो, किंवा मागच्या सायकलला असा ताप येऊन गेलाय, तिथे हे इंजेक्शन देतातच. केमो संपल्यावर निदान २४ तासांनी घ्यायचं असतं, त्याच संध्याकाळी घाईने नाही. आणि घेतलं म्हणजे ताप येणारच नाही असं समजू नका, धोका कमी होतो, संपत नाही.

थर्मामीटर कोणता घेऊ? कपाळाला दाखवायचा चालेल का? (गंगापूर रोड)

साधा डिजिटल घ्या, जिभेखाली धरायचा, गरम चहा प्यायल्यावर पंधरावीस मिनिटं थांबून. तोंड आलं असेल तर काखेत धरा, पण काखेत आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. कपाळाचा एका वेळेला एक सांगतो, मला त्याचा भरवसा नाही. सेल आहे का ते केमोच्या दिवशीच बघून घ्या.

माझ्या एका पेशंटच्या मिस्टरांनी फाईलच्या कव्हरवर लाल स्केचपेनने मोठं लिहून ठेवलं होतं, केमो चालू, शेवटची केमो अमुक तारखेला, ताप आहे, एक तासात अँटिबायोटिक द्या. तारीख तेवढी ते दर सायकलला खोडून नवीन लिहायचे. रात्री कॅज्युअल्टीत ॲक्सिडेंटची गर्दी होती, त्यांनी केसपेपरच्या रांगेत न थांबता ती फाईल ड्युटीवरच्या सिस्टरसमोर धरली आणि पंचवीस मिनिटांत पहिला डोस चालू झाला.